नेपाळला गृहीत धरणं आता बंद करायला हवं

भगतसिंग कोश्यारी हे नाव महाराष्ट्रात सगळ्यांना माहितीये, पहाटेच्या शपथविधीपासून त्यांच्या वक्तव्यांवरून झालेल्या वादांपर्यंत सगळं आपण पाहिलंय. पण राज्यपाल म्हणून मुंबईत येण्याआधी त्यांच्याकडे एक वेगळंच काम होतं, आणि ते त्यांनी पूर्णही केलं होतं, त्याबद्दल मात्र आपल्याकडे कोणी चकार शब्द काढत नाही. 2016 मध्ये भारत आणि नेपाळ सरकारांनी मिळून आठ जणांचा एक गट नेमला, दोन्हीकडचे चार-चार. भारताच्या बाजूचं नेतृत्व कोश्यारींकडे आणि नेपाळच्या बाजूचं भेखबहादुर थापा यांच्याकडे. 1950 चा मैत्री करार, सीमा, व्यापार, पाणी असे सगळे जुने विषय पुन्हा उघडून बघायचे आणि काय बदलायला हवं ते दोघांनी एकमतानं लिहून द्यायचं, हे काम. दोन वर्षं बैठका झाल्या, 2018 च्या मध्यापर्यंत अहवाल तयार झाला. आधी भारताच्या पंतप्रधानांच्या हातात द्यायचा, मग नेपाळच्या, असं ठरलं होतं. तो आजही तसाच पडून आहे. स्वीकारला नाही, नाकारला नाही, घ्यायला वेळच दिली नाही.

मला हा प्रकार फार लागतो. अहवाल आवडला नाही तर तसं सांगा, दहा मुद्द्यांपैकी सात अमान्य आहेत म्हणा, काहीही म्हणा, पण स्वतःच नेमलेल्या माणसांनी दोन वर्षं बसून लिहिलेला कागद हातातसुद्धा घ्यायचा नाही म्हणजे समोरच्याला काय सांगतोय आपण? तुम्ही आमचेच आहात, तुमच्याशी काय बोलायचं लिहायचं, असंच ना? नेपाळशी आपलं नातं इतकं जवळचं आहे की त्याचा हिशेब मांडायची गरजच नाही, ही जी सवय दिल्लीला लागलीये (आणि खरं सांगायचं तर आपल्या सगळ्यांनाच लागलीये) तीच या नात्याला आतून पोखरतेय असं माझं स्पष्ट मत आहे. सीमा उघडी राहिलीच पाहिजे, त्याबद्दल मला अजिबात शंका नाही. पण ती उघडी ठेवायची असेल तर बाकीचा हिशेब कागदावर, बरोबरीनं आणि लवकर मांडावा लागेल.

आधी हे नातं आहे काय ते नीट बघूया, कारण पुण्यामुंबईत बसून ते कळत नाही. 1,700 किलोमीटरहून लांब सीमा, आपल्याकडची पाच राज्यं तिला लागून, उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, सिक्कीम. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही. बिहारमधल्या रक्सौलचा माणूस सकाळी नेपाळमधल्या वीरगंजला जाऊन किराणा घेऊन दुपारी परत येतो, जनकपूरच्या मुली मधुबनी-दरभंग्यात दिल्यात आणि तिकडच्या इकडे केल्यात, एकाच घरातली अर्धी माणसं एका देशाची आणि अर्धी दुसऱ्या देशाची. तिकडचे लोक याला रोटी-बेटीचं नातं म्हणतात आणि ते शब्दशः खरं आहे. नेपाळी रुपया 1993 पासून आपल्या रुपयाला 1.60 या दरानं बांधलेला आहे. आपला लष्करप्रमुख नेपाळी सैन्याचा मानद जनरल असतो आणि त्यांचा आपल्या सैन्याचा. पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी पिढ्यान्पिढ्या दक्षिण भारतातून जातात. सप्टेंबर 2025 मध्ये तरुणांच्या आंदोलनात पंतप्रधान के. पी. ओली यांचं सरकार कोसळलं आणि ज्या सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या त्या बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या. त्यांच्या आधीच्या पिढीतले, पुढे नेपाळचे पंतप्रधान झालेले बी. पी. कोइराला तर जन्मलेच बनारसला आणि 1942 च्या चले जाव आंदोलनात आपल्याकडच्या तुरुंगात होते. जगात असे शेजारी देश शोधायला गेलात तर फार थोडे सापडतील.

आणि आपला, म्हणजे मराठी माणसाचा यात काय संबंध? आहे, आणि तो जुना आहे. 1857 चा उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईतच (म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यात) गेले, पेशव्यांच्या घरातल्या बायका काठमांडूत आश्रयाला राहिल्या, लखनौची बेगम हजरत महल तिथेच वारली. आणि हा आसरा देणारा नेपाळचा तेव्हाचा पंतप्रधान जंगबहादुर राणा कोण, तर ज्यानं त्याच उठावात इंग्रजांच्या मदतीला लखनौवर स्वतःची फौज नेली होती तो. त्याचं बक्षीस म्हणून इंग्रजांनी 1860 मध्ये पश्चिम तराईचे बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर हे भाग नेपाळला परत दिले. छोट्या देशाला मोठ्या शेजाऱ्याबरोबर कसं जगावं लागतं ते या एका माणसात दिसतं, एका हातानं इंग्रजांना मदत आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या शत्रूच्या बायकामुलांना छप्पर.

यातलं कैलाली हे नाव रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या लोकांनी ऐकलेलं असणार. हापूसच्या बागांमध्ये राखणीला जे नेपाळी येतात (आमच्याकडे सगळ्यांना सरसकट गुरखाच म्हणतात, मग तो थारू असो नाहीतर क्षेत्री) त्यातले कितीतरी कैलाली, अछाम अशा सुदूर पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतले. मोहोर यायच्या आधी येतात, बायकोमुलांसकट बागेतल्या खोपीत राहतात, फवारणीपासून वानरं हाकलण्यापर्यंत आणि रात्री बॅटरी घेऊन फिरण्यापर्यंत सगळं करतात, आणि पाऊस पडायच्या आत निघतात. बंदरावर गेलात तर मासेमारी नौकांवर तेच. तांडेल आपला, जाळी ओढणारे खलाशी नेपाळी. ज्या माणसाच्या देशाला समुद्र नाही तो आपल्या समुद्रात दहा-दहा दिवस काढतोय. कोकणातला हापूस आणि कोकणातली मासळी या दोन्ही गोष्टी आज नेपाळी हातांशिवाय बाजारात येणं अवघड आहे, हे बागायतदार आणि नौकामालक दोघेही मान्य करतात.

एका बागेत मी संध्याकाळी बघितलेलं सांगतो. खोपीच्या बाहेर तीन दगडांची चूल, त्यावर भात, राखणदाराची बायको मिरच्या वाटत बसलेली, आणि तो मोबाईल झाडाच्या फांदीला टेकवून घरी व्हिडिओ कॉलवर बोलत होता कारण रेंज तेवढ्याच जागी येत होती. आठ-नऊ वर्षांची मुलगी शेजारी उभी. शाळेचं विचारलं तर म्हणाला गावी असली की जाते, इथे आली की नाही. वर्षाचे सहा महिने शाळा आणि सहा महिने बाग. मराठी मात्र ती मुलगी अस्सल आमच्याकडचं बोलत होती, मला म्हणाली "काका, आंबे अजून तयार नाय झाले."

तर हे नातं असं खालून, माणसांनी टिकवलेलं आहे. सरकारांनी त्याचं काय केलं ते बघितलं की वाईट वाटतं.

1950 चा शांतता आणि मैत्रीचा करार घ्या. 31 जुलै 1950 ला काठमांडूत सही झाली. नेपाळकडून सही करणारे तिथले राणा पंतप्रधान मोहन शमशेर, आणि भारताकडून आपले राजदूत. एका बाजूला पंतप्रधान आणि दुसऱ्या बाजूला राजदूत, ही गोष्ट नेपाळी माणूस आजही विसरलेला नाही. बरं ते राणांचं सरकार म्हणजे काही लोकांनी निवडून दिलेलं नव्हतं, सात महिन्यांत ती शंभर वर्षांची राजवट गेलीच. म्हणजे मरणपंथाला लागलेल्या राजवटीबरोबर केलेल्या करारावर आपण 75 वर्षं चाललोय. करारात चांगलं खूप आहे, दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहायचा, काम करायचा, व्यापार करायचा, मालमत्ता घ्यायचा हक्क त्यातूनच येतो. पण सोबतच्या पत्रांमध्ये शस्त्रं आणि सुरक्षेबद्दल भारताशी सल्लामसलत करायच्या ज्या गोष्टी आहेत त्या स्वाभिमानी देशाला बोचणाऱ्याच आहेत. आणि दुसरी बाजू हीसुद्धा आहे की नेपाळ हा करार पूर्ण पाळत नाही, भारतीयाला तिथे जमीन घेता येत नाही, कामाच्या परवान्याची भानगड आहे. म्हणजे दोघांनाही तो नकोसा, दोघांचीही तक्रार, एक वर्षाची नोटीस देऊन संपवायची सोय करारातच लिहिलेली, आणि तरी दोघेही तो धरून बसलेत. नेपाळी नेत्यांना त्यावर भाषणं करता येतात आणि दिल्लीला काही करावं लागत नाही, असं हे दोघांच्या सोयीचं झालंय.

मग नाकेबंदी. 1988 मध्ये नेपाळनं चीनकडून शस्त्रं घेतली, पुढच्या मार्चमध्ये व्यापार आणि पारगमनाचे (दुसऱ्या देशातून माल ने-आण करायचे) करार संपले आणि आपण दोन नाकी सोडून बाकीची बंद केली. वर्षभर चाललं ते. पण 2015 चं जास्त जिव्हारी लागलं, कारण त्याच्या आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोदी काठमांडूला गेले होते, 17 वर्षांनी भारताचा पंतप्रधान तिथे द्विपक्षीय भेटीवर गेलेला, संसदेत भाषण झालं, रस्त्यावर लोक अक्षरशः नाचत होते. मग 25 एप्रिल 2015 चा भूकंप, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि आपलं हवाई दल काही तासांत तिथे पोचलं होतं, त्याचा अभिमान मलाही वाटतो. आणि पाचच महिन्यांनी सप्टेंबरमध्ये नेपाळनं नवी राज्यघटना जाहीर केली, तराईतल्या मधेशी लोकांना ती अन्यायाची वाटली (ती तक्रार खरी होती, मतदारसंघ, प्रांतांच्या सीमा, नागरिकत्व सगळ्यात त्यांना डावलल्याची भावना होती), आंदोलक सीमेवरच्या पुलावर बसले आणि आपल्याकडचे ट्रक पलीकडे जायचे थांबले. भारत सरकार म्हणत राहिलं की आम्ही नाकेबंदी केलेली नाही, पलीकडे असुरक्षित आहे म्हणून ड्रायव्हर जात नाहीत. असेल. पण जिथे आंदोलक नव्हते त्या नाक्यांवरूनसुद्धा पेट्रोल का गेलं नाही याचं उत्तर काठमांडूतल्या माणसाला कोणी दिलं नाही.

त्या हिवाळ्यात भूकंपात घर पडलेली माणसं ताडपत्रीखाली होती. औषधं संपत आली होती. गॅस इतका कमी होता की सरकारी तेल कंपनीनं सिलिंडर अर्धेच भरून द्यायला सुरुवात केली, आणि त्या अर्ध्या सिलिंडरसाठी लोक रात्रभर रांगेत. विचार करा, त्या रांगेत उभा असलेला जो पंधरा वर्षांचा मुलगा होता तो आज पंचविशीत आहे आणि तोच आज नेपाळचं राजकारण ठरवतोय. आपण त्याच्या डोक्यात भारत म्हणजे काय ते त्या रांगेत कोरून ठेवलं. मधेशींना न्याय मिळावा असं मलाही वाटत होतं, पण त्यासाठी डोंगरातल्या आजारी माणसाचं औषध अडवणं हे कुठल्याही युक्तिवादात बसत नाही. आणि मिळवलं काय? मार्च 2016 मध्ये ओली चीनला गेले आणि पारगमनाचा करार करून आले. हिमालय ओलांडून चीनमार्गे माल आणणं किती महाग आणि अवघड आहे ते त्यांनाही माहिती होतं, आजही नेपाळचा साठ टक्क्यांहून जास्त व्यापार आपल्याशीच आहे. पण त्यांना पर्याय शोधावासा वाटला आणि तसं वाटायला आपण लावलं.

नोटांचंही असंच. नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली तेव्हा नेपाळात घराघरात भारतीय पाचशे-हजारच्या नोटा होत्या, इकडे कमावलेल्या. त्यांचं काय करायचं यावर चर्चा झाल्या, रिझर्व्ह बँकेची माणसं बोलली, पण त्या नोटा काही बदलून मिळाल्या नाहीत. मग डिसेंबर 2018 मध्ये नेपाळनं शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदीच घातली. त्यानंतर कित्येक वर्षं बागेतला राखणदार मे महिन्यात हिशेब करून निघायचा तेव्हा त्याच्या हातात पैसे असायचे पाचशेच्या नोटांत, आणि पाचशेची नोट खिशात घेऊन स्वतःच्या देशात शिरणं गुन्हा! म्हणून शंभराच्या नोटा शोधत फिरायचं, नाहीतर सीमेवर कमिशन देऊन बदलायच्या. एवढी साधी गोष्ट सुटायला इतकी वर्षं लागावीत? अलीकडे दोन्हीकडून ही अट सैल करायच्या हालचाली झाल्यात, उशिरा का होईना. आणि याच काळात मार्च 2024 पासून भारतीय पर्यटक काठमांडूत यूपीआयनं पैसे देऊ शकतो, म्हणजे तंत्राची अडचण नव्हतीच, लक्ष कोणाकडे द्यायचं हा प्रश्न होता.

पाण्याचं तर विचारूच नका. दर पावसाळ्यात हिंदी चॅनलवर पट्टी फिरते, नेपाळनं पाणी सोडलं, बिहार बुडालं. कोसी बराज (कोसी नदीवरचा दरवाजांचा बंधारा) नेपाळच्या हद्दीत आहे हे खरं, पण 1954 च्या करारानुसार ते बांधलं भारतानं आणि त्याचे 56 दरवाजे चालवतो बिहारचा जलसंपदा विभाग. सप्टेंबर 2024 मध्ये 6 लाख 61 हजार क्युसेक पाणी आलं, 56 वर्षांतलं सगळ्यात जास्त, तेव्हा ते दरवाजे आपल्याच इंजिनियरांनी उघडले होते. 2008 च्या ऑगस्टमध्ये नेपाळातल्या कुसहाला बांध फुटला आणि कोसीनं पात्रच बदललं, बिहारात तीस लाखांवर लोकांना फटका बसला. त्या दिवशी नदीत पाणी होतं दीड लाख क्युसेकच्या आसपास आणि बांध बांधलेला साडेनऊ लाखांसाठी. म्हणजे पाणी जास्त नव्हतं, देखभाल नव्हती, आणि देखभालीची जबाबदारी आपल्याकडे होती. सांगली-कोल्हापूरला पूर आला की अलमट्टीवरून आपण कर्नाटकशी किती भांडतो, कुठल्या तारखेला किती फूट पाणी होतं याचे आकडे इथल्या पोराटोरांना पाठ असतात. तेच भांडण नेपाळगंजचा माणूस आपल्याशी करतो, कारण सीमेला लागून आपण बांधलेल्या बंधाऱ्यांनी आणि उंच रस्त्यांनी पाणी तुंबून त्याचं शेत बुडतं. अलमट्टीबद्दल आपण कर्नाटकला जे प्रश्न विचारतो ते कोणी आपल्याला विचारले तर तो लगेच भारतविरोधी कसा होतो?

वीज या एका विषयात मात्र चांगलं घडतंय ते सांगायला हवं. दहा-बारा वर्षांपूर्वी काठमांडूत हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास लोडशेडिंग असायचं, तोच देश आज पावसाळ्यात वीज विकतोय. जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॉट घ्यायचा करार झाला, आणि त्याच वर्षी नेपाळची 40 मेगावॉट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात पोचली. 2019 मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज तेलाची पाईपलाईन सुरू झाली, 69 किलोमीटर, आणि तिच्यामुळे टँकरच्या रांगाच संपल्या. जयनगरहून जनकपूरकडे रेल्वे जाते. म्हणजे मनावर घेतलं की होतं! पण इथेही अट अशी की चिनी गुंतवणूक असलेल्या प्रकल्पाची वीज आम्ही घेणार नाही. सुरक्षेचा विचार मला समजतो, पण विजेला रंग नसतो आणि धरण बांधायला पैसे देताना आपण हात आखडता घेतला की दुसरा कोणीतरी येणारच.

आता नेपाळची बाजू. मी नेपाळचा वकील नाही, आणि तिथल्या नेत्यांनी या नात्याशी जो खेळ केलाय त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. निवडणूक आली की भारताला शिव्या द्यायच्या आणि जिंकलं की आशीर्वादाला दिल्लीला यायचं हे तिथल्या जवळजवळ प्रत्येक पक्षानं केलंय. 2000 च्या डिसेंबरमध्ये हृतिक रोशन नेपाळविरुद्ध बोलला अशा अफवेवरून, म्हणजे तो न बोललेल्या वाक्यावरून, दंगल झाली आणि माणसं मेली. 2009 मध्ये पशुपतिनाथाच्या भारतीय पुजाऱ्यांना मारहाण झाली. ओलींनी 2020 मध्ये राम नेपाळात जन्मला असं जाहीर भाषणात सांगितलं. भारतातून लग्न करून गेलेल्या सुनेला नागरिकत्वासाठी सात वर्षं थांबवायचा प्रस्तावही त्याच वर्षी आणला, म्हणजे ज्या बेटीच्या जोरावर नातं उभं तिच्यावरच घाव. हे सगळं चूकच. आणि उत्तराखंडच्या टोकाला असलेल्या लिपुलेख खिंडीचा प्रश्न दोघांनी मिळून चिघळवला. आपण नोव्हेंबर 2019 ला नवा नकाशा काढला, मे 2020 ला लिपुलेखच्या रस्त्याचं उद्घाटन केलं, नेपाळनं चर्चा मागितली, आपण कोविड संपल्यावर बघू म्हणालो, त्यांनी कालापानी-लिंपियाधुरा घालून स्वतःचा नकाशा काढला आणि थेट घटनेत नेऊन बसवला. आता कोणीही सरकार आलं तरी मागे येणार कसं? 1816 च्या सुगौली तहात काली नदी ही सीमा ठरली, पण कालीचा उगम नेमका कुठला यावर भांडण आहे. हे टेबलावर बसून सुटणारं भांडण आहे. बेळगावसाठी ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या त्या महाराष्ट्राला नकाशावरच्या रेषेचं दुःख काय असतं ते वेगळं सांगायला नको.

सैन्याचं बघा. 1947 च्या त्रिपक्षीय करारानं गोरखा पलटणी भारतात आल्या, आज सात रेजिमेंट आहेत, नेपाळचे नागरिक आपल्या देशासाठी मेलेत, कारगिलमध्येसुद्धा. काठमांडू, पोखरा, धरान इथे आपली पेन्शन कार्यालयं आहेत, डोंगरातून दोन दिवस चालत येणारे म्हातारे सुभेदार तिथे पेन्शन घ्यायला येतात. 2022 मध्ये अग्निपथ आलं, चार वर्षांची नोकरी, आणि नेपाळ म्हणालं हे 1947 च्या करारात बसत नाही, चार वर्षांनी शस्त्रं चालवायला शिकलेला बेकार तरुण आम्ही कुठे ठेवायचा. तेव्हापासून नेपाळमधून भरती बंद. दोनशे वर्षांची परंपरा थांबली आणि आपल्याकडे त्यावर एक दिवसही धड चर्चा झाली नाही. निर्णय घ्यायच्या आधी काठमांडूला एकदा विश्वासात घेऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता लोक म्हणतील, इतकं सगळं आहे तर सीमा बंदच करा ना, व्हिसा लावा, एकदाचा हिशेब संपला. सोशल मीडियावर हा सूर वाढतोय आणि मला त्याची खरी काळजी वाटते. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. डिसेंबर 1999 ला इंडियन एअरलाइन्सचं आयसी-814 हे विमान काठमांडूहून निघाल्यावरच पळवलं गेलं, खोट्या नोटा या सीमेवरून आल्यात. पण अपहरणकर्ते विमानतळावरून विमानात चढले, उघड्या सीमेवरून नाही, आणि त्यानंतर विमानानं जाणाऱ्यांना ओळखपत्र सक्तीचं झालंच. पुण्याच्या जर्मन बेकरी स्फोटातला आरोपी यासीन भटकळ 2013 मध्ये पकडला गेला तो याच सीमेजवळ. पलीकडच्या पोलिसांशी, गावकऱ्यांशी संबंध चांगले असले तरच असे लोक हाती लागतात, आणि इतकी लांब सीमा तारा ठोकून राखायची म्हटलं तर ज्या सशस्त्र सीमा दलाचा अर्धा आधार गावातल्या माहितीवर आहे तेच आंधळं होईल.

आणि बंद सीमा म्हणजे काय ते 2020 च्या मार्चमध्ये दिसलं. धारचुला आणि दार्चुला, महाकालीच्या (म्हणजे त्याच काली नदीच्या) दोन काठांवर जवळजवळ एकाच नावाची दोन गावं, मध्ये झुलता पूल. लॉकडाऊन लागला, दोन्ही सरकारांनी पूल बंद केला आणि इकडे कामाला आलेले शेकडो नेपाळी या काठावर अडकले. समोर स्वतःचा देश दिसतोय आणि जाता येत नाही. काही पोरांनी नदीत उड्या मारल्या, बर्फाच्या पाण्यात, पोहून पलीकडे गेली आणि पोलिसांनी धरली. ज्याला व्हिसा हवाय त्यानं हे दृश्य कायमचं हवंय का ते सांगावं. शिवाय नेपाळात काम करणारे भारतीय पण कमी नाहीत, बिहारचे गवंडी, न्हावी, भाजीवाले काठमांडूच्या गल्लीगल्लीत आहेत, त्यांच्या घरी येणारा पैसा पण बंद होईल.

त्या पडून असलेल्या अहवालाबद्दल बातम्यांमधून जे बाहेर आलंय त्यात 1950 च्या कराराऐवजी नवा करार आणि सीमेवर ओळखपत्राची नोंद असं काहीसं आहे. मला ओळखपत्र मान्य आहे. व्हिसा नको, परवानगी नको, फक्त कोण आलं कोण गेलं याची नोंद. यात दोन्हीकडच्या गरीब माणसाचा फायदाच आहे, कारण आज तो कुठल्याच वहीत नाही. नेपाळी माणूस कतारला किंवा मलेशियाला गेला तर त्याच्या सरकारकडून श्रम परवाना लागतो, विमा असतो, मेला तर घरच्यांना काहीतरी मिळतं. भारतात आला तर यातलं काही नाही, कारण भारत परदेश धरलाच जात नाही. आणि इकडे तो भारतीय नागरिक नाही म्हणून आपल्या कामगार योजनांत बसत नाही. इतकी जवळीक की दोन्ही देशांनी त्याला सोडून दिलं.

यातलं काही काम तर दिल्लीची वाट न बघता आपण करू शकतो, आणि ते कोकणात करावं अशी माझी मागणी आहे. 26/11 नंतर मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रांची योजना आली, मग नौकेवरच्या नेपाळी खलाशाची नोंद आणि अपघात विमा मालकाच्या परवान्याशी जोडायला काय अडतं? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, 1 ऑगस्टला नव्या हंगामासाठी माणसं परत येतात, नोंदणीला याहून चांगली वेळ कुठली? बागेतल्या मुलांना हंगामापुरतं जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायचं आणि जाताना किती शिकली याचा दाखला हातात द्यायचा, म्हणजे तिकडच्या शाळेत वर्ग बुडणार नाही. साखर कारखान्यांच्या भागात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आपण हंगामी सोय केलेली आहेच, पद्धत माहितीतली आहे. बागायतदार संघ, मच्छीमार सोसायट्या आणि जिल्हा परिषद यांनी एकत्र बसून ठरवलं तर येत्या मोहोराच्या आधी हे सुरू होऊ शकतं. आणि कोश्यारी-थापांचा अहवाल पंतप्रधानांनी घ्यावा, दोन्ही संसदांत मांडावा आणि लोकांना वाचायला द्यावा, यासाठी आपल्या 48 खासदारांपैकी एकानं तरी लोकसभेत उभं राहून प्रश्न विचारावा. ज्यांच्या मतदारसंघात हापूस पिकतो त्यांनी तर आधी विचारावा.